श्रमदान आणि वेठ

(संशोधक, प्राध्यापक व ग्रंथालय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वस्तू निर्माण करणाऱ्या श्रमाचा विचार अर्थशास्त्राने भरपूर केला आहे. निर्माण झालेली वस्तू चालती ठेवण्यासाठी जे श्रम रोज खर्ची पडतात, त्यांचा विचार मात्र त्याने अंग चोरूनच केला. घरातील स्त्रीच्या कामाची राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात नोंद होत नाही, हे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. ते काम केले तर दिसत नाही आणि राहिले तर लगेच डोळ्यांवर येते. संगणकाच्या जगातही अशा कामाचा डोंगर आहे आणि तो उपसणाऱ्यांपैकी पुष्कळजण बिनपगारी आहेत. त्यातील एका लहानशा कोपऱ्याकडे आज लक्ष वेधावयाचे आहे. कंपन्यांच्या सॉफ्टवेअरला जोडून वापरण्यासाठी लोकांनी आपसांत मिळून तयार केलेल्या ज्या छोट्या आज्ञावल्या असतात, ज्यांना सर्वत्र प्लगइन म्हणतात, त्या मूळ सॉफ्टवेअर बदलत गेले तरी त्याच्याशी जुळत्या ठेवण्याचे हे काम. विषय यंत्रज्ञांचा वाटेल. परंतु एकाच्या निर्णयाचा खर्च दुसऱ्याच्या माथी कसा बसतो, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, आणि म्हणूनच तो राजकारणाचाही आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण धरून चालणे बरे. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला शेकडो ग्रंथ व लेख यांचे संदर्भ द्यावे लागतात. लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, नियतकालिक, खंड, पृष्ठे, वर्ष. आणि हे सर्व कोणत्या क्रमाने, कोठे स्वल्पविराम देऊन लिहावयाचे याचे प्रत्येक नियतकालिकाचे नियम निराळे. हे काम यंत्राकडे सोपविणारी विक्रीची सॉफ्टवेअरे पूर्वीपासून होती. त्यांतील एंडनोट हे प्रसिद्ध. त्याची किंमत शेकडो डॉलरांत. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या जॉर्ज मेसन विद्यापीठातील इतिहास-संशोधन केंद्राने झोटेरो नावाची आज्ञावली विनामूल्य प्रसिद्ध केली. हे केंद्र रॉय रोझेनझ्वाइग या इतिहासकाराने १९९४ मध्ये स्थापन केले होते. सामान्य माणसांचा इतिहास सामान्य माणसांच्या हाती असावा, अशा विचाराचा तो गृहस्थ. आज्ञावलीचे नाव एका अल्बानियन क्रियापदावरून घेतले. त्याचा अर्थ एखादी गोष्ट आत्मसात करणे. आज महाराष्ट्रातील विद्यापीठांतूनही ज्यांना एंडनोट परवडत नाही असे विद्यार्थी झोटेरोवर प्रबंध पुरे करतात.

झोटेरोचा जन्मच प्लगइन म्हणून झाला. फायरफॉक्स या न्याहाळकाला तो जोडलेला होता. लिहिताना संदर्भ घालण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या वर्डला जोडावयाचा त्याचा दुसरा तुकडा निघाला. शिवाय प्रकाशकांच्या संकेतस्थळांवरून लेखाची माहिती उचलून घेणाऱ्या शेकडो छोट्या आज्ञावल्या त्यात आहेत. त्यांना झोटेरोच्या परिभाषेत ट्रान्सलेटर म्हणतात. मराठीत दुभाषे म्हणावे हे उत्तम. म्हणजे एका बाजूला वर्ड, दुसऱ्या बाजूला न्याहाळक, तिसऱ्या बाजूला प्रकाशकांची संकेतस्थळे, आणि मधोमध ही लोकांनी चालविलेली आज्ञावली. तिन्ही बाजू दुसऱ्यांच्या मालकीच्या आणि तिन्ही सतत हलणाऱ्या.

दुभाष्याचे काम कसे चालते हे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण सगळी मेख तेथेच आहे. प्रकाशकाच्या संकेतस्थळावरील पान माणसाच्या डोळ्यांना छापील पानासारखे दिसते. वर मोठ्या अक्षरांत शीर्षक, त्याखाली लेखकांची नावे, बाजूला खंड व अंक. माणसाला हे सांगावे लागत नाही. यंत्राला मात्र प्रत्येक गोष्टीचा पत्ता द्यावा लागतो: पानामागच्या अमुक खुणेत लेखकाचे नाव आहे, तमुक खुणेत वर्ष आहे. हे पत्ते कोणीतरी बसून शोधून काढतो आणि दुभाष्यात लिहितो. काही महिन्यांनी प्रकाशक पानाची सजावट बदलतो. वाचकाला फरक जाणवतही नाही. पण पत्ते बदललेले असतात. दुभाष्या जुन्या पत्त्यावर जातो आणि रिकाम्या हाताने परततो, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतीच गोष्ट घेऊन येतो. लेखकाच्या जागी विभागाचे नाव, वर्षाच्या जागी काहीच नाही. प्रबंध सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात विद्यार्थ्याच्या हे ध्यानात येते. तो तक्रार करतो. कुठल्यातरी देशातला एखादा ग्रंथपाल किंवा एखादा संशोधक आपले काम संपवून रात्री ते पान उघडतो, नवे पत्ते शोधतो, दुरुस्ती करतो. दुसरा कोणी ती तपासतो. आणि ती दुरुस्ती जगभरच्या वापरणाऱ्यांकडे आपोआप पोहोचते. ज्यांना ती मिळाली त्यांच्यापैकी बहुतेकांना काही मोडले होते हेही ठाऊक नसते.

हे एका संकेतस्थळाचे झाले. अशी संकेतस्थळे शेकडो, आणि त्यांच्या सजावटीला अंत नाही.

वर्डच्या बाजूची गोष्ट निराळी, पण जात तीच. जानेवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने मॅक संगणकांसाठी ऑफिसची नवी आवृत्ती काढली आणि तीतून व्हिज्युअल बेसिक ही आज्ञाभाषाच वगळली. बाहेरच्या अनेक जोडण्या याच भाषेच्या आधारे चालत. त्या करणाऱ्यांना दुसरी वाट शोधावी लागली. २०११ च्या आवृत्तीत कंपनीने ती भाषा पुन्हा आणली. दोन्ही निर्णयांमागे कंपनीची स्वतःची व्यावसायिक गणिते असतील. त्यांत गैर काही नाही. पण मधल्या तीन वर्षांत बाहेरच्या माणसांनी जे तास खर्च केले, ते कंपनीच्या कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाहीत.

न्याहाळकाच्या बाजूने तर पाया दोनदा हलला. फायरफॉक्स ज्या जुन्या रचनेवर जोडण्या स्वीकारीत असे ती रचना १४ नोव्हेंबर २०१७ रोजी निघालेल्या ५७ व्या आवृत्तीने बंद केली. झोटेरोने त्याआधीच, त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, स्वतःला न्याहाळकापासून वेगळे काढून स्वतंत्र आज्ञावली म्हणून उभे केले. फायरफॉक्समागची मोझिला ही ना-नफा संस्था आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे, म्हणजे हा प्रश्न फक्त नफेखोरीचा आहे असा सोपा समज होणार नाही. पुढे गूगलने क्रोमच्या जोडण्यांसाठी नवा आराखडा सक्तीचा केला आणि जुन्या आराखड्यावरील जोडण्या २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद करीत आणल्या. कारण सांगितले सुरक्षिततेचे. ते कारण अगदीच पोकळ नव्हते. पण या नव्या आराखड्यात जाहिराती अडविणाऱ्या जोडण्या दुबळ्या होतात, आणि गूगलचे बहुतांश उत्पन्न जाहिरातींतून येते, ही गोष्टही टीकाकारांनी दाखवून दिली. जाहिरातींशी काडीचा संबंध नसलेल्या असंख्य छोट्या जोडण्यांनाही त्यासाठी पुन्हा लिहून घ्यावे लागले. ज्यांना ते जमले नाही त्या गेल्या.

येथवर एक आक्षेप मनात आला असेल. कोणतीही कंपनी बाहेरच्या चार जोडण्यांसाठी आपले सॉफ्टवेअर गोठवून ठेवू शकेल काय? तिने सुधारणा करूच नयेत काय? आक्षेप रास्त आहे. बदल आवश्यकच असतात. सुरक्षिततेतील भगदाड बुजवावयाचे तर जुन्या भिंती पाडाव्या लागतात. वाद बदलाविषयी नाही, बदलाच्या खर्चाविषयी आहे. कारखान्याच्या धुराने शेजारच्या वस्तीची धुलाई आणि औषधपाणी वाढते, आणि तो खर्च कारखान्याच्या हिशेबात येत नाही, हे पिगूने १९२० मध्ये सांगितले. विल्यम काप याने १९५० मधील ग्रंथात त्यापुढे जाऊन मांडले की, खाजगी उद्योगाचे काही खर्च समाजाच्या अंगावर ढकलले जाणे ही अपघाताने घडणारी गोष्ट नसून त्या व्यवस्थेच्या चालण्यातच ती अंतर्भूत आहे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत कापचे म्हणणे जसेच्या तसे लागू पडते. बदल केव्हा करावयाचा, किती वेळा करावयाचा, पूर्वसूचना द्यावयाची की नाही, हे ठरविणारा एक. आणि त्या प्रत्येक निर्णयाचे श्रममूल्य चुकविणारे दुसरे. ज्याला खर्च सोसावा लागत नाही त्याने काटकसर का करावी? म्हणून असे बदल गरजेपेक्षा अधिक वेळा होतात, असे अनुमान अर्थशास्त्राचा कोणताही विद्यार्थी काढील.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. जुळणी मोडल्याने ज्याचा फायदा होतो, त्याच्याच हाती जुळणीची किल्ली असते. एंडनोटची मालकी त्या काळी थॉमसन रॉयटर्स या कंपनीकडे होती. झोटेरोची नवी आवृत्ती एंडनोटच्या संदर्भशैलींच्या फायली वाचून त्यांचे खुल्या स्वरूपात रूपांतर करू शकते, असे दिसताच सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीने व्हर्जिनिया राज्यावरच दावा लावला. विद्यापीठ सरकारी, म्हणून प्रतिवादी राज्य. मागणी होती वर्षाला किमान एक कोटी डॉलर नुकसानभरपाईची. न्यायालयाने जून २००९ मध्ये तो दावा काढून टाकला. पण विचार करा: त्या फायलींत होते काय? कोणत्या नियतकालिकाला स्वल्पविराम कोठे लागतो, याचे नियम. ते नियम नियतकालिकांनी ठरविलेले, विद्वानांनी पाळलेले. ते एका विशिष्ट फायलीत बंदिस्त केले एवढाच कंपनीचा वाटा. आणि त्या बंदिस्तपणावर हक्क सांगावयाचा! यावर विद्वज्जगताने दिलेले उत्तर फार समर्पक होते. अमेरिकेतील ओहायो राज्यातील ब्रूस डार्कस या भूगोलाच्या प्राध्यापकाने संदर्भशैली लिहिण्याची एक खुली भाषा तयार केली होती. त्या भाषेत लोकांनी आजवर दहा हजारांहून अधिक शैली लिहून काढल्या असून त्या कोणालाही, अगदी प्रतिस्पर्धी कंपन्यांनाही, वापरता येतात.

मेंडेली या सॉफ्टवेअरची कथा याहून बोलकी. संशोधकांमध्ये लोकप्रिय झालेले हे सॉफ्टवेअर २०१३ मध्ये एल्सव्हिअर या बलाढ्य प्रकाशकाने विकत घेतले. वापरणाऱ्याने वर्षानुवर्षे जमविलेले संदर्भ त्याच्याच संगणकावरील एका साध्या फायलीत असत, आणि झोटेरोला ती फाइल वाचता येई. २०१८ मध्ये आलेल्या आवृत्तीने ती फाइल सांकेतिक कुलपात घातली. कारण सुरक्षिततेचेच सांगण्यात आले. संगणक विद्यार्थ्याचा, संदर्भ विद्यार्थ्याने गोळा केलेले, आणि किल्ली कंपनीची. झोटेरोच्या मंडळींनी मग मेंडेलीच्या ऑनलाइन खात्यातून माहिती आणण्याची नवी वाट बांधली. ती चालते, पण तीही कंपनीच्या अंगणातूनच जाते. शिवाय ज्या पानांवरून झोटेरोचे दुभाषे माहिती उचलतात त्यांतील पुष्कळ पाने याच प्रकाशकाची आहेत, हे विसरून चालणार नाही.

अशा कामाचे कौतुक करण्याची एक पद्धत पडून गेली आहे. स्वयंसेवकांची निरपेक्ष सेवा, ज्ञानाचे दान वगैरे. आपल्याकडे श्रमदानाची थोर परंपरा आहे. सेवा दलाच्या शिबिरांत रस्ते बांधले गेले, विहिरींचा गाळ निघाला. त्या श्रमांतून माणसे घडली, हेही खरे. परंतु श्रमदानात काम कोणते, ते केव्हा करावयाचे, आणि केव्हा थांबावयाचे, हे श्रम देणाऱ्यांनी बसून ठरविलेले असे. वेठीचे तसे नव्हते. साहेबाचा मुक्काम ज्या दिवशी पडेल त्या दिवशी गावकऱ्याने आपला नांगर सोडून ओझे उचलावयाचे; दिवस साहेबाचा, घाम गावकऱ्याचा. बेगारीला आपल्या संविधानाच्या २३ व्या कलमाने मनाई केली. प्लगइन सांभाळणाऱ्यावर कोणी सक्ती करीत नाही, तेव्हा वेठ हा शब्द येथे जपूनच वापरला पाहिजे. त्याने उद्या हात वर केले तर त्याला कोणी शिक्षा करणार नाही. पण त्याने हात वर केले की, त्याच्यावर विसंबलेले हजारो विद्यार्थी उघड्यावर पडतात, हे त्याला ठाऊक असते. कंपनीने तारीख जाहीर केली की त्याची सुटी, त्याची झोप त्या तारखेला बांधली जाते. श्रमदान म्हणून स्वीकारलेले काम अशा रीतीने हळूहळू वेठीच्या जवळ सरकत जाते, आणि त्याचा लाभ ज्या कंपनीला होतो (कारण जोडण्या भरपूर असल्या की मूळ सॉफ्टवेअरचीच मागणी वाढते) तिच्याकडून छदामही येत नाही.

थकलेल्या माणसाच्या खांद्यावर किती मोठा भार असू शकतो, याचा दाखला मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिला. फायली लहान करून साठविणारी एक्सझेड नावाची एक छोटी खुली आज्ञावली असंख्य यंत्रांत वापरली जाते. ती अनेक वर्षे मुख्यतः एकच माणूस बिनपगारी सांभाळीत होता. तो थकला असता एका अनोळखी व्यक्तीने दोन वर्षे मदत करून त्याचा विश्वास संपादन केला आणि आज्ञावलीत चोरदरवाजा बसविला. एका अभियंत्याला यंत्र अर्धा सेकंद उशिरा का प्रतिसाद देते असा संशय आला, म्हणून तो उघडकीस आला.

आणि सामूहिक प्रकल्प तरी या दोषापासून मुक्त आहेत काय? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये झोटेरोची सातवी आवृत्ती आली. तिचा अंतर्गत पाया नवा होता. परिणामी झोटेरोला बाहेरच्या लोकांनी केलेल्या ज्या जोडण्या होत्या त्या सर्व नव्याने लिहाव्या लागल्या. फायलींची नावे व जागा लावून देणारी झॉटफाइल ही अतिशय लोकप्रिय जोडणी नव्या पायावर आलीच नाही. इतरांनी तिची जागा घेणाऱ्या जोडण्या केल्या. वरच्याने खालच्यावर ढकलले, खालच्याने त्याच्या खालच्यावर. तरीही एक भेद राहतो. झोटेरोने बदल बराच आधी जाहीर केला, चाचणीची आवृत्ती दीर्घकाळ उपलब्ध ठेवली, जोडण्या कशा बदलाव्यात याचे मार्गदर्शन लिहून दिले, आणि मुख्य म्हणजे त्याचा सगळा आज्ञासंच खुला असल्यामुळे कोणालाही आत जाऊन काय बदलले ते पाहता आले. बदल टळला नाही, पण खर्च कमी झाला. कंपन्यांकडून अपेक्षा करावयाची ती एवढीच असू शकते.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या सामूहिक संपत्तीविषयीच्या विवेचनाचा येथे पुष्कळदा आधार घेतला जातो. १९९० च्या त्यांच्या ग्रंथाने आणि २००९ च्या नोबेल पारितोषिकाने हे सिद्ध केले की, सामाईक वस्तूची नासाडीच व्हावी असा काही नियम नाही. लोक नियम करून ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात. धुळे-नाशिककडील पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धती हा त्याचा आपल्या घरचा पुरावा. बंधारा सामाईक, पाटकरी सर्वांनी नेमलेला, पाटाची साफसफाई वाटून घेतलेली. परंतु वरच्या अंगाला मोठी धरणे झाली आणि नदीचा प्रवाह पालटला, तेव्हा फडातील लोकांचे आपसांतले नियम कितीही चांगले असले तरी तेवढ्याने भागले नाही. झोटेरोच्या मंडळींचेही नेमके तसेच आहे. त्यांची आपसांतली व्यवस्था उत्कृष्ट आहे. पगारी माणसांचा एक छोटा गाभा आहे. त्याचा खर्च साठवणुकीच्या जागेसाठी वापरणारे जी वर्गणी देतात तीतून बराचसा भागतो, आणि पूर्वी मेलन व स्लोन या प्रतिष्ठानांचे अनुदानही होते. पण वरचे पाणी दुसऱ्याच्या हाती आहे. त्याचा बंदोबस्त गावपातळीवर होणार नाही. तेथे कायदा लागतो.

कायद्याने काय साधते याचे उत्तम उदाहरण सांबाचे आहे. विंडोजचे संगणक आपसांत ज्या भाषेत फायलींची देवघेव करतात ती भाषा इतर यंत्रांना बोलता यावी, म्हणून ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल याने १९९२ च्या सुमारास हे काम आरंभले. भाषेचे व्याकरण मायक्रोसॉफ्ट सांगेना. ट्रिजेलने आपल्या पद्धतीला फ्रेंच उपाहारगृहाची उपमा दिली आहे: भाषा येत नसलेला माणूस तेथे जाऊन बसतो, गिऱ्हाईक काय मागते आणि वाढपी काय आणून देतो ते पाहत राहतो, आणि शब्दांचे अर्थ लावतो. असे ऐकून ऐकून सांबा उभे राहिले. पण प्रत्येक नव्या विंडोजबरोबर उपाहारगृहातील बोली बदलायची. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि जुळणीसाठी लागणारी माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश दिला. कंपनी न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २००७ मध्ये हरली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये दहा हजार युरोंच्या एकरकमी शुल्कात ती कागदपत्रे सांबाच्या मंडळींना मिळाली. पंधरा वर्षे जी माहिती कान लावून मिळवावी लागली ती एका सार्वजनिक संस्थेच्या आदेशाने टेबलावर आली.

आपल्या देशात कायद्याने अर्धी वाट चाललेली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात १९९९ च्या दुरुस्तीने एक तरतूद आली: कायदेशीररीत्या जवळ असलेल्या आज्ञावलीशी स्वतंत्र आज्ञावली जुळविण्यासाठी जी माहिती अन्यथा सहज मिळत नाही, ती मिळविण्याकरिता आवश्यक ती कृती करणे हा हक्कभंग ठरत नाही. तरतूद चांगली आहे. पण ती उपाहारगृहात बसून ऐकण्याची मुभा आहे. मालकाने पाककृती सांगावी असे बंधन ती घालीत नाही.

हे बंधन घालण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही योजना मंजूर केली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सहा हजार तीनशेहून अधिक सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांना वाचावयास मिळावीत, यासाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता सहा हजार कोटी रुपये. खाजगी प्रकाशकांना एवढी रक्कम द्यावी की न द्यावी, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिता येईल. पण रक्कम दिली जात आहे. ती घेणारे प्रकाशक म्हणजे बहुतांशी तेच, ज्यांच्या पानांचे पत्ते दुभाष्यांना पुनःपुन्हा शोधावे लागतात. जो हजारो कोटींचा ग्राहक आहे त्याला अट घालता येत नाही, हे कोणी म्हणू नये. गूगलने आपल्या विद्वत्-शोधयंत्रासाठी लेखाच्या पानामागे ठरावीक खुणा ठेवा असे सांगितले, तेव्हा जगभरच्या असंख्य प्रकाशकांनी त्या निमूट ठेवल्या, कारण तेथे न दिसणे त्यांना परवडणारे नव्हते. दुभाष्यांचे अर्धे काम आज त्या खुणांमुळेच सोपे झाले आहे. लेखांच्या शेवटी असणाऱ्या संदर्भसूची सर्वांना खुल्या कराव्यात म्हणून २०१७ मध्ये संशोधकांनी मोहीम उघडली; एल्सव्हिअरने दीर्घकाळ नकार दिला आणि २०२१ च्या आरंभी तोही नमला. मागणारा बलवान असला, किंवा मागणारे एकत्र आले, की तांत्रिक अडचणी दूर होतात.

मागावयाचे काय, तर फार नाही. प्रत्येक लेखाची ग्रंथसूचीय माहिती ठरलेल्या, प्रसिद्ध केलेल्या नमुन्यात पानामागे द्यावी, आणि तो नमुना कराराच्या मुदतीत बदलू नये. बदलणे भागच असेल तर काही महिन्यांची जाहीर सूचना द्यावी. सदस्य संस्थेतील विद्यार्थी कोणत्याही संदर्भ-आज्ञावलीने ती माहिती उचलीत असेल तर त्याला अडवू नये. आणि विद्यार्थ्याने प्रकाशकाच्या मालकीच्या सॉफ्टवेअरमध्ये साठविलेले संदर्भ त्याला हवे तेव्हा, हव्या त्या खुल्या नमुन्यात, परत मिळावेत.

पैशाचाही प्रश्न आहेच. जर्मन सरकारने २०२२ मध्ये अशा खुल्या आज्ञावल्यांच्या देखभालीसाठी स्वतंत्र सार्वजनिक निधी सुरू केला. नव्या प्रकल्पांसाठी नव्हे, आहे ते चालते ठेवण्यासाठी. आपल्या योजनेतील सहा हजार कोटींमधून हजारी एक रुपया बाजूला काढला तरी सहा कोटी होतात. तेवढ्यातून विद्यापीठांच्या ग्रंथालयांत या कामासाठी पगारी पदे निर्माण करता येतील. ज्या ग्रंथालयांतील मंजूर पदेही रिकामी ठेवली जातात, तेथे ही मागणी काहींना चैनीची वाटेल. वाटो. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी एनव्हीडीए ही विनामूल्य आज्ञावली २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाली. ती मराठीही वाचते आणि तिलाही विंडोज व वर्ड यांच्या प्रत्येक बदलामागे धावावे लागते. झोटेरो अडखळला तर विद्यार्थी संदर्भ हाताने लिहील. ही अडखळली तर वाचनच थांबते. यात चैन कोणती, ते म्हणणाऱ्यांनी सांगावे.

करारात असल्या बारीकसारीक गोष्टी घालण्याची रीत नाही, असे प्रकाशकांचे प्रतिनिधी म्हणतील. ते खरे नाही. कोणते नियतकालिक किती वाचले जाते याची आकडेवारी पूर्वी प्रत्येक प्रकाशक आपल्या मर्जीच्या नमुन्यात देई. २००२ मध्ये ग्रंथालये व प्रकाशक यांनी मिळून काउंटर नावाचा उपक्रम सुरू केला, पुढल्याच वर्षी त्याची पहिली संहिता आली, आणि जगभरच्या ग्रंथालयसंघांनी ती आपल्या करारांत अट म्हणून घातली. वर सांगितलेल्या मागण्या त्याहून अवघड नाहीत. आपल्या योजनेच्या अंमलबजावणीचे काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडे आहे आणि पहिला टप्पा २०२७ अखेर संपतो. पुढील वाटाघाटींचा मसुदा तेथे कोणीतरी लिहील. तो लिहिला जाण्यापूर्वी प्राध्यापकांच्या आणि ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी ही तीन-चार कलमे स्वतः लिहून त्यांच्या टेबलावर ठेवावयास हवीत.